क्रूझवर निघण्यापूर्वी आरोग्याची तयारी: पुण्यातून जाणाऱ्या प्रवाशांसाठी सविस्तर मार्गदर्शन

क्रूझची सहल पुण्यातल्या मध्यमवर्गीय घरांत आता नवलाईची राहिलेली नाही. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणारी काही रात्रींची सफर, सिंगापूर किंवा दुबईपर्यंत विमानाने जाऊन तिथून पकडलेले जहाज, आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांनी आई-वडिलांसाठी आरक्षित केलेला अलास्काचा आठवडा, हे तिचे नेहमी दिसणारे प्रकार. या प्रवाशांत साठी-सत्तरीतली माणसे पुष्कळ असतात आणि त्यांतल्या अनेकांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार यांपैकी काही ना काही असते. तरीही घरातली तयारी बहुधा कपडे, परकीय चलन आणि सोबतच्या फराळाभोवती फिरते, आणि आरोग्याचा विचार निघण्याच्या आदल्या दिवशी औषधाच्या दुकानात होतो.

तो विचार सहा ते आठ आठवडे आधी व्हायला हवा, असे आग्रहाने सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे. जहाज बंदर सोडते तेव्हा रुग्णालय किनाऱ्यावर राहते. त्यानंतर काही बिनसले तर आपण आधीच डॉक्टरांना, विमा कंपनीला आणि जहाजाच्या वैद्यकीय विभागाला जे सांगून ठेवले असेल, तेच मुख्यतः उपयोगी पडते. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात माहिती न लपवण्यावर भर दिला आहे.

पहिला टप्पा: जहाजावरच्या दवाखान्याची मर्यादा समजून घ्या

कोथरूड किंवा हडपसरला रात्री छातीत दुखू लागले, तर थोड्याच वेळात अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या रुग्णालयात पोचता येते. समुद्रावर ही शक्यता नसते. मोठ्या प्रवासी जहाजांवर डॉक्टर आणि परिचारिका असतात. ईसीजी, क्ष-किरण तपासणी, काही प्राथमिक रक्ततपासण्या, प्राणवायू, डिफिब्रिलेटर (बंद पडणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आणि व्हेंटिलेटर ही साधने बहुतेक ठिकाणी असतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषधही ठेवलेले असते. अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्स या संस्थेने जहाजांवरील वैद्यकीय सेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे आखलेली आहेत आणि मोठ्या कंपन्या ती आधारभूत मानतात. मात्र अँजिओप्लास्टी, रक्तपेढी, मोठी शस्त्रक्रिया आणि नियमित डायलिसिस यांची अपेक्षा सर्वसाधारण जहाजाकडून ठेवता येत नाही. गंभीर रुग्णाची प्रकृती शक्य तितकी स्थिर करायची आणि पुढच्या बंदरावर त्याला रुग्णालयाच्या स्वाधीन करायचे, अशी तिथली पद्धत असते.

हेलिकॉप्टरने नेण्याची सोय अनेकांच्या मनात असते, पण त्याला अंतराची आणि हवामानाची मर्यादा आहे, आणि खोल समुद्रात ते येऊ शकेलच असे नाही. शिवाय पुढचे बंदर लहान असू शकते. लक्षद्वीपच्या बेटांवरूनही गंभीर रुग्णांना कोचीला हलवावे लागते, हे मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशांनी लक्षात ठेवावे.

यावरून पहिला निर्णय सहलीच्या मार्गाचा ठरतो. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, स्टेंट बसवला असेल, मोठी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा औषधांचे प्रमाण अजून बदलत असेल, तर जावे की नाही हे संबंधित तज्ज्ञ डॉक्टरांनीच ठरवले पाहिजे, आणि ते नको म्हणाले तर आरक्षणात अडकलेल्या पैशांचा विचार बाजूला ठेवला पाहिजे. प्रकृती स्थिर आहे पण जुना आजार आहे अशांनी सलग तीन-चार दिवस किनारा न दिसणारी सफर टाळून, जवळजवळ रोज मोठ्या शहराच्या बंदरात थांबणारी सफर निवडावी, असे माझे मत आहे. निसर्गसौंदर्यात थोडे उणे पडले तरी हा बदल करण्यासारखा आहे.

गरोदर स्त्रियांसाठी बहुतेक कंपन्यांचा नियम स्पष्ट असतो: सफर संपेपर्यंत गर्भारपणाचा चोविसावा आठवडा सुरू होणार असेल तर प्रवेश मिळत नाही, आणि त्याआधीही डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जाते. लहान बाळांसाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांचे वय लागते, महासागर ओलांडणाऱ्या सफरींना बारा महिन्यांचे. हे नियम आरक्षणाआधी वाचावेत, कारण बंदरावर पोचल्यावर त्यात सवलत मिळत नाही.

दुसरा टप्पा: डॉक्टरांची भेट, सहा ते आठ आठवडे आधी

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाताना सहलीचा संपूर्ण कार्यक्रम छापून न्यावा: कोणती बंदरे, किती दिवस, कोणता महिना, किनाऱ्यावर कोणती भटकंती. ‘परदेशी चाललो आहोत’ एवढ्या वाक्यावरून डॉक्टरांना फारसे सांगता येत नाही. अलास्काचा हिमवारा, भूमध्य समुद्रातले जुलैचे ऊन आणि दक्षिण-पूर्व आशियातले डेंग्यूचे डास यांसाठी लागणारी खबरदारी अगदी निरनिराळी असते.

या भेटीत चार कागद मिळवावेत. सध्याच्या आजारांचा आणि शस्त्रक्रियांचा एक पानी सारांश. सर्व औषधांची जेनेरिक (म्हणजे मूळ औषधद्रव्याच्या) नावांसह मात्रा आणि वेळा. अलीकडच्या ईसीजीची प्रत, कारण जहाजावरच्या डॉक्टरांना नवा ईसीजी जुन्याशी ताडून पाहता आला तर निदान सोपे होते. आणि अॅलर्जींची नोंद. पेसमेकर असेल तर त्याचे कार्डही बरोबर ठेवावे. जेनेरिक नावांचा आग्रह यासाठी, की भारतातली ब्रँडची नावे परदेशातल्या डॉक्टरला किंवा औषधविक्रेत्याला माहीत नसतात. कागदांची छायाचित्रे मोबाईलमध्ये असावीत, पण छापील प्रत हँडबॅगेत असावीच, कारण समुद्रावर इंटरनेट महाग आणि अनिश्चित असते आणि मोबाईल बंदही पडू शकतो.

मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांनी एक प्रश्न आवर्जून विचारावा: जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर यांपैकी कोणती गोळी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची? मेटफॉर्मिन, मधुमेहातील डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि रक्तदाबाची काही औषधे शरीरात पाणी कमी पडल्यावर मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकतात किंवा रक्तातील आम्लता वाढवू शकतात. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र ते आपल्या मनाने बंद करायचे नसते. ही सूचना डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, कारण केबिनमध्ये उलट्या होत असताना घरी फोन करून विचारणे जमेलच असे नाही. वॉरफॅरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी निघण्याआधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) तपासून घ्यावा आणि बुफेमध्ये पालेभाज्यांचे व सॅलडचे प्रमाण एकाएकी वाढवू नये.

दातांची तपासणी याच काळात उरकावी. जहाजावर दंतवैद्य क्वचितच असतो आणि दुखरी दाढ सहलीचा सगळा आनंद घालवते.

तिसरा टप्पा: लसीकरण

लसींच्या उत्पादनामुळे जगभर नाव असलेल्या या शहरात मोठ्या माणसांच्या लसीकरणाकडे मात्र अजून दुर्लक्षच होते. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून पुण्यात आहे, पण शेवटची धनुर्वाताची लस केव्हा घेतली असे विचारले तर बहुतेकांना आठवत नाही.

क्रूझसाठी सर्वांत उपयोगी लस इन्फ्लुएंझाची. जगाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली हजारो माणसे एकाच भोजनगृहात, नाट्यगृहात आणि लिफ्टमध्ये वावरतात, आणि पुण्यात फ्लूचा हंगाम नसला तरी जहाजावर तो असू शकतो. लस परिणामकारक व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाच्या बंदरात विलगीकरणात ठेवलेल्या ‘डायमंड प्रिन्सेस’ या जहाजावर सुमारे ३,७०० माणसांपैकी सातशेहून अधिक जणांना कोविडची लागण झाली होती. बंदिस्त जागेत श्वसनाचा आजार कसा पसरतो हे त्यावरून पुरेसे कळते. वयस्कांनी न्यूमोनियापासून संरक्षण देणारी न्युमोकोकल लस, कोविडची पुढची मात्रा आणि नागिणीवरची लस यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. तरुणांनी गोवर-रुबेला आणि कांजिण्या यांचा इतिहास पाहावा. स्वच्छ पाण्यावर वाढलेल्या शहरी तरुणांना लहानपणी हिपॅटायटिस ‘ए’ होऊन गेलेला नसण्याची शक्यता असते, म्हणून त्यांच्यासाठी ती लस आणि टायफॉइडची लस विचारात घेण्याजोगी आहे.

पीतज्वराची लस हा वेगळा विषय आहे, कारण तिच्यामागे कायदा आहे. आफ्रिकेतील आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांत, उदाहरणार्थ केनिया किंवा ब्राझील, हा आजार आढळतो, आणि अशा देशाला भेट देऊन भारतात परतणाऱ्याकडे लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. जहाज तिथे एखादा दिवसच थांबले, ही सबब चालत नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी मानले जाते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर, बहुधा ठरावीक दिवशी आणि आधी नोंदणी करून मिळते. ती जिवंत विषाणूची असल्यामुळे गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण आणि अंड्याची तीव्र अॅलर्जी असलेले यांना सहसा दिली जात नाही. साठीच्या पुढच्यांना पहिल्यांदाच ती घेताना दुष्परिणामांचा धोका थोडा अधिक असतो, म्हणून त्यांनी आधी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे.

चौथा टप्पा: विमा

भारतात रुग्णालयाच्या खर्चासाठी घेतलेली आरोग्य विमा पॉलिसी परदेशात किंवा भर समुद्रात चालेल असे गृहीत धरू नये. बहुतेक पॉलिसींचे क्षेत्र भारतापुरते असते. जहाजावरच्या तपासणीचे आणि औषधांचे बिल केबिनच्या खात्यावर चढते आणि उतरण्यापूर्वी ते आपल्यालाच भरावे लागते. नंतर विमा कंपनीकडे दावा करायचा असतो, त्यासाठी डॉक्टरांचा अहवाल आणि तपशीलवार पावती जहाजावरूनच घ्यावी लागते.

पॉलिसी घेताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात. जहाजावरचा उपचार यात धरला आहे का, जहाजावरून किंवा परदेशातून हलवण्याचा खर्च किती मर्यादेपर्यंत आहे, आणि आधीपासून असलेल्या आजारामुळे अचानक प्रकृती बिघडली तर काय. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंच्या वैद्यकीय विम्याची अट असते आणि पुष्कळजण तेवढ्यावरच थांबतात. पण ती व्हिसाची अट आहे, हेलिकॉप्टर, परदेशी रुग्णालयातला अतिदक्षता विभाग आणि परिचारिकेसह परतीचे विमान यांचा हिशेब तिच्यात बसेलच असे नाही. अमेरिकेला जाणाऱ्या पालकांसाठी मुले कधीकधी प्रत्येक उपचारामागे ठरावीक रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी घेतात. तिथल्या खर्चापुढे ती रक्कम फार अपुरी ठरते. हप्ता अधिक असला तरी व्यापक संरक्षण देणारी पॉलिसीच घ्यावी.

अर्ज भरताना मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी हे सर्व नोंदवावे. हप्ता वाढेल म्हणून एजंटने ‘हे लिहू नका’ असे सुचवले, तरी लिहावे. दावा आल्यावर कंपनी जुने कागद मागवते, आणि लपवलेला आजार हे दावा नाकारण्याचे पुरेसे कारण ठरते.

पाचवा टप्पा: औषधांची पिशवी

सफरीच्या दिवसांपेक्षा किमान एक आठवडा अधिक पुरतील एवढी औषधे घ्यावीत. वादळामुळे बंदर चुकते, विमान रद्द होते, आणि परदेशात आपली नेहमीची गोळी प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही.

औषधे कुठे ठेवायची हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे, की बाकी काही विसरले तरी हा विसरू नये. बंदरावर मोठ्या बॅगा कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन केल्या जातात आणि त्या केबिनच्या दाराशी पोचायला संध्याकाळ होऊ शकते. शेवटच्या रात्री त्या पुन्हा दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि दुसऱ्या दिवशी उतरल्यावर धक्क्यावर मिळतात. म्हणजे दुपारचे इन्शुलिन, रात्रीची रक्तदाबाची गोळी किंवा उतरण्याच्या दिवशीची सकाळची गोळी मोठ्या बॅगेत राहिली, तर ती वेळ चुकणारच. सर्व औषधे, ग्लुकोमीटर, चष्म्याची दुसरी जोडी आणि श्रवणयंत्राचे सेल खांद्यावरच्या पिशवीत असावेत. नवरा-बायको दोघे असतील तर प्रत्येकाच्या औषधांचा थोडा साठा दुसऱ्याच्या पिशवीतही ठेवावा.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात स्ट्रिप कापून हव्या तेवढ्या गोळ्या देतात आणि त्यात नाव किंवा मुदतीची तारीख कापली जाते. परदेशी सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे अशा निनावी गोळ्या अडचणीच्या ठरतात. प्रवासासाठी पूर्ण स्ट्रिप, मूळ खोक्यासह आणि बिलासह घ्याव्यात, आणि दिवसांच्या कप्प्यांच्या डबीत त्या जहाजावर पोचल्यानंतर भराव्यात. घरगुती चूर्णे आणि लेबल नसलेल्या पुड्या शक्यतो नेऊ नयेत.

काही औषधांवर निरनिराळ्या देशांत कडक निर्बंध आहेत. कोडीन असलेली खोकल्याची औषधे, ट्रामाडॉल हे वेदनाशामक, झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या यांसाठी संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये आधी परवानगी घ्यावी लागू शकते. स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक असलेली सर्दीची औषधे जपानमध्ये नेता येत नाहीत. मार्गातल्या प्रत्येक देशाचे नियम त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत, नुसते जहाज ज्या देशातून सुटते तेवढ्याचे नव्हेत.

इन्शुलिनबाबत अधिक काळजी लागते. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवे आणि ते कधीही गोठता कामा नये, म्हणून विमानात ते सामानाच्या कक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवू नये. वापरात असलेले पेन किंवा व्हायल साधारण चार आठवडे सामान्य तापमानाला, बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत, चालते; नेमकी मुदत खोक्यातल्या माहितीपत्रकात पाहावी. केबिनमधला छोटा फ्रिज अनेकदा पेये थंड ठेवण्यापुरताच असतो आणि त्याच्या तापमानाची खात्री नसते. जहाजाला आधी कळवले तर वैद्यकीय विभागात इन्शुलिन ठेवण्याची आणि वापरलेल्या सुयांसाठी बंद डब्याची व्यवस्था होऊ शकते.

झोपेत श्वास अडखळण्याच्या विकारासाठी सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी, प्राणवायू लागणाऱ्यांनी आणि चाकाची खुर्ची लागणाऱ्यांनी तर कंपनीच्या विशेष साहाय्य विभागाला आरक्षणाच्या वेळीच कळवावे. केबिनमध्ये पलंगाजवळ प्लग नसू शकतो आणि साधी एक्स्टेन्शन वायर आगीच्या भीतीने काढून घेतली जाते, म्हणून तिचीही विचारणा करावी. जैन जेवण, कमी मीठ, साखरविरहित पदार्थ यांची मागणीसुद्धा त्याच वेळी नोंदवावी.

नेहमीच्या औषधांशिवाय पॅरासिटामॉल, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार असलेली ओआरएसची पाकिटे, पट्ट्या, जंतुनाशक मलम, अॅलर्जीची गोळी, थर्मामीटर आणि सनस्क्रीन एवढे पुरते. दुकानात ओआरएस मागितले की कधीकधी हाती ठेवले जाणारे गोड पेय त्याची जागा घेऊ शकत नाही. पाकिटावरचे सूत्र वाचून घ्यावे. ‘असू द्या बरोबर’ म्हणून घेतलेला अँटिबायोटिकचा कोर्स स्वतःहून सुरू करू नये.

सहावा टप्पा: बोट लागण्याची तयारी

ज्यांना खंडाळ्याच्या किंवा वरंध्याच्या घाटात गाडी लागते, त्यांनी बोट लागण्याची शक्यता धरूनच चालावे. आतल्या कानातील तोल सांभाळणारी यंत्रणा हालचाल नोंदवत असते, डोळ्यांना मात्र केबिनच्या भिंती स्थिर दिसतात, आणि या विसंगतीतून मळमळ सुरू होते. मोठ्या जहाजांना डुलणे कमी करणारे पंख असतात, त्यामुळे शांत समुद्रावर बहुतेकांना त्रास होत नाही. मॉन्सूनमध्ये, जून ते सप्टेंबर, अरबी समुद्र खवळलेला असतो. मुंबईहून निघायचे तर त्यानंतरचे महिने बरे.

आरक्षण करतानाच खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली केबिन मागावी, कारण टोकांना आणि वरच्या मजल्यांवर हेलकावे अधिक जाणवतात. मळमळ वाटू लागली तर उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहावे, मोबाईल आणि पुस्तक बाजूला ठेवावे, पोट रिकामेही ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. आल्याचा थोडाफार उपयोग होतो. आलेपाक जवळ ठेवायला हरकत नाही, मधुमेहींनी त्यातली साखर लक्षात घ्यावी.

गोळी त्रास सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते, उलट्या सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. आपल्याकडे अव्होमिन या नावाने मिळणारे प्रोमेथाझिन आणि स्टुजेरॉन या नावाने मिळणारे सिनारिझिन ही औषधे सामान्यपणे वापरली जातात. दोन्हींनी झोप येते आणि मद्याबरोबर ती घेऊ नयेत. प्रोस्टेट वाढलेल्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी आणि झोपेची गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोमेथाझिन घेऊ नये, पार्किन्सनच्या रुग्णांनी सिनारिझिन टाळावे, आणि दोन वर्षांखालच्या बाळांना प्रोमेथाझिन देऊ नये. ज्येष्ठांना या गोळ्यांनी गुंगी येऊन पडण्याचा धोका वाढतो. म्हणून घरी असतानाच, दुसऱ्या दिवशी काही काम नसेल अशा रात्री, एक गोळी घेऊन आपल्याला ती कशी सोसते हे पाहून घ्यावे.

पडण्याचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो, की केबिनच्या स्नानगृहाला उंच उंबरठा असतो आणि तो अंधारात लक्षात येत नाही. घट्ट बसणारे, न घसरणारे बूट आणि रात्री एक छोटा दिवा, एवढ्या काळजीने खुब्याचे हाड वाचते.

सातवा टप्पा: जुलाब-उलट्यांपासून संरक्षण

जहाजांवरच्या साथींत सर्वाधिक नाव होते ते नोरोव्हायरसचे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी १९६८ मध्ये शाळेत आलेल्या साथीवरून त्याचे नाव पडले. नोरोव्हायरसच्या एकूण नोंदलेल्या साथींपैकी सुमारे एक टक्काच जहाजांवर होतात, तेव्हा घाबरून सहल रद्द करण्याचे कारण नाही. पण जहाजावर तो पोचला तर वेगाने पसरतो, कारण अगदी थोडे विषाणू पोटात गेले तरी आजार होतो, लक्षणे १२ ते ४८ तासांत दिसतात, आणि बरा झालेला माणूसही पुढे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत राहू शकतो.

यातली सर्वांत व्यवहारोपयोगी गोष्ट अशी, की अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरचा या विषाणूवर पुरेसा परिणाम होत नाही. भोजनगृहाच्या दाराशी कर्मचारी हातावर सॅनिटायझर देतात ते जरूर घ्यावे, पण त्याआधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली, किमान वीस सेकंद हात धुवावेत. जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणे आणि बुफेतले वाढायचे चमचे यांना शेकडो हात लागलेले असतात. ताट वाढून घेतल्यानंतर आणि हाताने खाण्याआधी पुन्हा हात धुणे हाच खरा उपाय. आपण पोळी आणि भात हातानेच खातो, त्यामुळे हा नियम आपल्याला अधिकच लागू आहे.

अमेरिकेच्या बंदरांना भेट देणाऱ्या परदेशी मार्गांवरील जहाजांची तपासणी तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा १९७५ पासून सुरू असलेला स्वच्छता कार्यक्रम करतो. शंभरपैकी गुण दिले जातात, ८५ किंवा कमी गुण मिळाले तर जहाज अनुत्तीर्ण ठरते, आणि हे अहवाल कोणालाही पाहता येतात. अलास्का किंवा कॅरिबियनची सफर ठरवणाऱ्यांनी आपल्या जहाजाचा अहवाल आरक्षणाआधी वाचावा.

जहाजावरचे पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यातून क्षार काढून, क्लोरिन मिसळून तयार केलेले किंवा तपासून भरलेले असते आणि ते पिण्यास योग्य असते. काळजी घ्यायची ती किनाऱ्यावर उतरल्यानंतर. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्न-पाण्यातून पसरणारा जिवाणू आढळला होता, आणि पाण्याबद्दल पुण्याने त्या दिवसांत जी दक्षता घेतली तीच परक्या बंदरात घ्यावी: सीलबंद पाणी, बर्फ नको, गरम वाफाळते अन्न, आपण स्वतः सोललेले फळ. मासे आवडणाऱ्यांनी कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कालवे-शिंपले वर्ज्य करावेत.

आजार झालाच तर केबिनमध्ये थांबावे, ओआरएस घोट-घोट घ्यावे आणि वैद्यकीय विभागाला फोन करावा. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी घेऊ नये.

आठवा टप्पा: ऊन, डास आणि भटकंती

पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन सावलीतही पोचते आणि वाऱ्यामुळे त्वचा भाजत असल्याचे कळत नाही. किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावे. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक किंवा रक्तदाबाच्या गोळीतील हायड्रोक्लोरोथायझाइडमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, म्हणून उष्ण प्रदेशातल्या बंदरांवर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डीट हे डासांना दूर ठेवणारे रसायन असलेले मलम वापरावे. मलेरियाच्या प्रदेशात प्रतिबंधक गोळ्या लागतात का, हे डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत ठरवावे. मधुमेहींनी किनाऱ्यावर फिरताना ग्लुकोज खिशात ठेवावे, कारण सहलीची बस जेवणाची वेळ हमखास पुढे ढकलते.

नववा टप्पा: जहाजावर चढण्याचा दिवस

मुंबईहून सकाळची वेळ असेल तर आदल्या दिवशी मुंबईत पोचून मुक्काम करणे उत्तम. द्रुतगती महामार्गावर अडकून, उपाशीपोटी, औषध चुकवून रांगेत उभे राहिलेल्या ज्येष्ठांची सहल थकव्यानेच सुरू होते.

बंदरावर आरोग्याची प्रश्नावली भरून घेतली जाते: गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, जुलाब, उलटी झाली होती का. खूप आधीपासून ठरवलेली आणि पैसे भरलेली सहल हातची जाईल या भीतीने अनेकजण ‘नाही’वर खूण करतात. तसे करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. खरे सांगितले तर परिचारिका तपासते आणि बरेचदा काही काळ केबिनमध्ये थांबण्याच्या अटीवर प्रवेश मिळतो. क्वचित नाकारलाही जातो, आणि त्या प्रसंगासाठी सहल रद्द झाल्यास भरपाई देणारे कलम विम्यात असायला हवे. लपवले तर आपल्याबरोबर एकाच टेबलावर जेवणाऱ्या दुसऱ्याच्या आजी-आजोबांना आपण आजारी पाडतो, आणि त्यांच्यासाठीही पुढचे रुग्णालय तेवढेच दूर असते.

केबिनमध्ये पोचल्यावर वैद्यकीय विभागाचा मजला, वेळा आणि आपत्कालीन क्रमांक पाहून ठेवावा. जहाजाचे घड्याळ आणि मोबाईलचे घड्याळ यांत फरक पडू शकतो. औषधांच्या वेळा जहाजाच्या घड्याळानुसार कशा बसवायच्या हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून ठरवावे.

परतल्यानंतर

जमिनीवर उतरल्यावरही एक-दोन दिवस डुलल्यासारखे वाटते, ते बहुधा आपोआप जाते. महिनाभर राहिले तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. विम्याचा दावा असेल तर मुदतीत कागद द्यावेत.

पुढच्या काही आठवड्यांत ताप आला, तर तो पुण्यातल्या हवाबदलाचा समजून अंगावर काढू नये. डेंग्यू आणि मलेरियाशिवाय, गरम पाण्याच्या हौदांतून आणि शॉवरच्या फवाऱ्यातून श्वासावाटे शिरणाऱ्या लीजनेला या जिवाणूचा न्यूमोनिया साधारण २ ते १४ दिवसांनी सुरू होतो, म्हणजे बहुधा घरी परतल्यावर. त्यासाठी लघवीची एक वेगळी तपासणी असते आणि उपचाराचे अँटिबायोटिकही नेहमीच्या न्यूमोनियापेक्षा वेगळे निवडावे लागू शकते. डॉक्टरांना जहाजाचे नाव, तारखा, बंदरे आणि आपण गरम पाण्याच्या हौदात उतरलो होतो का, हे सर्व पहिल्याच भेटीत सांगावे. प्रवासाचा उल्लेखच झाला नाही, तर ती तपासणी करण्याचे कोणाच्या मनात येणार नाही.